पोटाला कुलूप

साहेब, या गोष्टीतले पहिले आरोपी तुम्ही आहात. महाराज दुसरा. त्याचं पोट त्या धंद्यावर होतं. तुमचं कशावर होतं, ते तुम्हीच सांगा.

पाचोडच्या बाजाराचा दिवस होता. गावापासून जरा आडबाजूला, मोसंबीच्या बागेला लागून कुलूपमहाराजांचा नवा मठ उभा राहिला आणि त्याची फीत तुम्ही कापलीत. गळ्यात हार एवढे पडले होते की तुमची हनुवटी आपोआप वर गेली होती. माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "विज्ञान जिथं थांबतं, तिथून आपले महाराज चालू होतात." टाळ्या पडल्या. तुमच्याच हद्दीतल्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन त्या वेळी प्लॅस्टिकच्या खोळीत बसून होतं, कारण ते चालवणाऱ्या डॉक्टरची जागा तुमच्या सहीवाचून अडली होती. विज्ञान थांबलं नव्हतं साहेब. तुम्ही थांबवलं होतं.

तुमची गाडी गेली आणि खरा खेळ सुरू झाला.

मांडवात बायाच बाया. कुणाचं पोट वर आलेलं, कुणाचं अजून पदराआड. समोर आडवी लोखंडी साखळी आणि तिला पितळी कुलपं लटकलेली, प्रत्येक कुलूप कडीत ओवलेल्या लाल दोऱ्यानं. महाराज म्हणजे पिवळं धोतर, बोटांत अंगठ्या आणि आवाज बाजारात घासलेला. डफ वाजू लागला. चेल्यानं निखाऱ्यांनी भरलेलं धुपाटणं महाराजाच्या हातात दिलं. अजिंठ्याकडची एक बाई, नववा भरत आलेला, पुढं येऊन हात जोडून उभी राहिली. महाराज तिच्या नावाच्या कुलपाखाली धुपाटणं फिरवू लागला. धूर वर चढला.

"खुल जा माय, खुल जा. जिसने बांधा वो खोलेगा. नऊ महिने राखलं, आता वाट दे."

ना किल्ली, ना हात. थोड्या वेळानं 'खट्' झालं. कुलपाची कडी उडून वर आली आणि कुलूप दोऱ्यातून निसटून खाली पडलं. मांडव उठून उभा राहिला. त्या बाईला नवव्यातच कळा लागणार होत्या, कुलूप पडो की न पडो. पण चार दिवसांनी तिला पोरगा झाला आणि पंचक्रोशीत डंका वाजला, की कुलूप उघडलं अन् लेकरू आलं.

तिसऱ्या रांगेत द्वारकाबाई बसली होती. अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. वाळूजला दोन खोल्यांत राहायची. मुलगा माऊली कंपनीत शिफ्टला, आणि सून तनुजा आता शेजारी बसलेली, चौथा महिना लागलेली. तनुजाची दोन बाळंतपणं सहाव्यातच सुटली होती. दुसरं लेकरू द्वारकाबाईनं स्वतःच्या ओंजळीत घेतलं होतं. ओंजळ भरली नव्हती. ते वजन तिच्या तळहातावरून काही केल्या जात नव्हतं. म्हणून ती इथं आली होती. भोळी म्हणून नव्हे, भ्यालेली म्हणून. भ्यालेल्या माणसाचा वास या महाराज लोकांना कोसावरून येतो.

तिच्या पलीकडं कडूबाई. एकाच चाळीतली शेजारीण, एकाच गावची. जिच्या आधीची भावंडं जगत नाहीत, तिला आपल्याकडं असं नाव ठेवतात, म्हणजे मरणानं तोंड वाकडं करून पुढं जावं. कडूबाईनं सून संस्कृतीलाही आणलं होतं. पहिलं बाळ आठव्याच्या आत गेलं होतं तिचं, आणि आता पाचवा संपत आलेला.

महाराजानं दोघींनाही कुलपं दिली, सोबत पत्र्याची घट्ट झाकणाची डबी आणि डबीत चार काळी मिरी.

"नववा लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की गर्भ उघडा पडला समजा. नववा लागला की इथं आणायचं, साखळीला लावायचं. आता सांग कडूबाई, एका दाराला कुलपं किती?"

"एकच की महाराज."

"मग मी लावल्यावर डॉक्टरीणबाईचा टाका कशाला? कुलपावर कुलूप घातलं की दोन्ही बिघडतात. आणि आतून मशीन घालून बघू द्यायचं नाही. गर्भ लाजतो."

गर्भ लाजतो म्हणे. त्या मांडवात लाज असलीच तर ती गर्भालाच होती.

परतीच्या जीपमध्ये तनुजा हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं गुरुवारी बोलावलंय."

"कंची डॉक्टरीण?"

"मनस्विनी मॅडम. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. ज्यांची लेकरं आधी अशी गेली, त्यांच्यासाठीच येगळी ओपीडी हाय."

"मागल्या दोन्ही टायमाला दवाखाना व्हताच की. काय दिवे लावले?"

"मागल्या टायमाला कुणी मोजलंच नाय. वजन घेतलं, लाल गोळ्या दिल्या, समदं ठीक म्हणले."

"मग अजून काय मोजायचं ऱ्हातंय?"

"पिशवीचं तोंड. काहींचं आधीच आखूड व्हत जातं, दुखत नाय, कळत नाय. मशीन घालून मोजलं की कळतं, मग टाका घालता येतो नायतर औषध—"

"गप बस. जीपमधी माणसं हायत."

ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं गाण्याचा आवाज वाढवला. साहेब, या राज्यात बाईच्या पोटाला देव चालतो, कुलूप चालतं, चारचौघांत महाराजाची फुंकर चालते. पिशवीच्या तोंडाचं नाव मात्र जीपमध्ये चालत नाही.

तनुजा गप्प बसली. द्वारकाबाईला वाटलं, पटलं.

डबी देव्हाऱ्यात गेली. तनुजा दर पंधरवड्याला "मावशीकडं जाऊन येते" म्हणू लागली. एकदा दोन रात्री तिकडंच राहिली. माऊली तिला गाडीवरून हळूहळू नेऊन सोडायचा. द्वारकाबाईनं मनात म्हटलं, मावशीचं प्रेम आताच बरं उतू चाललंय.

मग संस्कृतीची दुपार आली.

सातवा महिना होता. जेवणं झाल्यावर तिच्या कमरेत दुखू लागलं. थोड्या वेळानं अंगाखालचं लुगडं ओलं झालं. द्वारकाबाई धावत गेली तेव्हा कडूबाई एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी होती. फोनवर महाराज.

"कुलूप बघा. झाकण जरासंच उचला."

"बंद हाय महाराज. घट्ट."

"मग कळा खोट्या. दार बंद असताना पाहुणा बाहेर पडतो का? ओव्याचं पाणी पाजा, निजवून ठेवा."

"पाणी गेलंय हो महाराज."

"अंगातली उष्णता आहे ती."

संस्कृती म्हणत होती, "मला दवाखान्यात न्या." एवढंच एक वाक्य. भिंतीकडं तोंड करून ती तेच म्हणत राहिली. घरातली माणसं तिच्याकडं बघत नव्हती, कुलपाकडं बघत होती. ऊन उतरलं तेव्हा कुठं रिक्षा बोलावली, आणि पोरगी रिक्षातच झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कडूबाईला विचारलं, "दुखायला कधी लागलं?" ती खरं बोलली. डॉक्टर म्हणाला, "आजी, बाळाची फुफ्फुसं पक्की व्हायला आईला इंजेक्शन देतात. पण त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ तुमच्या हातात होता."

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास ओढत राहिली. मग थांबली.

कुलूप बंद होतं. तेव्हाही, त्यानंतरही.

महाराजाचा निरोप आला, "डबीवर विटाळाची सावली पडली असेल. सुनेला विचारा." झालं. चाळीतल्या बाया संस्कृतीला विचारू लागल्या. ती कुणालाच काही बोलली नाही.

द्वारकाबाईच्या मनात मात्र काटा मोडला. कुलूप बंद आणि लेकरू बाहेर, हे कसं? प्रश्न डोक्यात घेऊन ती रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं बसायची आणि डबीचं झाकण किलकिलं करून आपलं कुलूप बघायची. बंद दिसलं की हात जोडायची. झाकण पुन्हा घट्ट लावायचं भान राहीना. ते नुसतंच वर ठेवलेलं असायचं, खिडकीतून ऊन यायचं.

तनुजाला सहावा सरत आला होता. तोच महिना, ज्यात दोनदा घर बुडालं होतं. एका सकाळी द्वारकाबाईनं डबी उचलली आणि झाकण सरकवलं. कुलपाची कडी वर आलेली. उघडं.

"माऊली. अरं माऊली, गाडी काढ. तनुजा, हलू नको. पायाखाली उशी घे. हलू नको म्हनते ना."

तनुजा भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. डबीकडं बघितलं, सासूकडं बघितलं.

"आत्याबाई, बसा आधी. मला काय व्हत नाय."

"कुलूप उघडलंय गं."

"तुमचं उघडलंय. माझं बंद हाय." तिनं हात पुसले. "चौथा सरायच्या आधीच मॅडमनं तपासलं. तोंड आखूड व्हत चाललं व्हतं. त्याच आठवड्यात टाका घातला. ते दोन दिवस मी मावशीकडं नव्हते."

द्वारकाबाईच्या चेहऱ्यावर आधी राग आला. "मला न सांगता? ह्या घरात मी मेले व्हते का?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

द्वारकाबाईनं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाली, "चल. आत्ता चल. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." आणि निघताना उघडं कुलूप पदरात बांधलं.

डॉक्टर मनस्विनी चाळिशीच्या, बारीक चणीच्या, आवाज शांत. त्यांनी तनुजाला तपासलं आणि पडदा द्वारकाबाईकडं वळवला. "हे बाळाचं डोकं. ही पिशवी. हे खाली तोंड, आणि हा टाका. दिसतंय? बंद आहे."

द्वारकाबाई बघत राहिली. पडद्यावर लेकराचा हात हलला.

"म्हंजे टाका घातला की लेकरू टिकतंच?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टाका म्हणजे चमत्कार नाही, मावशी. सगळ्यांना तो लागत नाही, आणि कधी कधी टाका घालूनही लवकर होतं. म्हणून तर तिला सारखं बोलावते. पाणी गेलं, रक्त गेलं, पोट घट्ट होऊ लागलं, तर सरळ इथं या. लवकर झालंच तर बाळाला सांभाळायची सोय वरच्या मजल्यावर आहे. टाका सुटू शकतो हे मी आधी सांगते. आणि सुटला तर सुनेला दोष देत नाही. तनुजानं महाराजाचं सांगितलंय मला. त्याच्यात आणि माझ्यात फरक असलाच तर तो एवढाच."

द्वारकाबाईनं पदराची गाठ सोडून कुलूप टेबलावर ठेवलं. "मग ह्ये आपोआप कसं उघडलं?"

डॉक्टरीणबाईंनी ते उचललं, उलटंपालटं केलं आणि नाकाशी नेलं. मग द्वारकाबाईपुढं धरलं. तिनं वास घेतला. केसातला आकडा काढून तिनं कडीच्या भोकात खरवडलं. पांढरी भुकटी निघाली, चिमूटभर. जन्मभर रोज आरती केलेली बाई ती. तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"कापूर."

"काय होतं कापराचं उघडा ठेवला तर?"

"उडून जातो. म्हणून तर डब्यात मिरी टाकतो आपण." तिनं भुकटी बोटांत चोळली. "म्हणून मेल्यानं मिरी दिली व्हय."

"मिरीनं काही थांबत नाही मावशी, तोही आपला समजच. थांबतो तो घट्ट झाकणानं."

आता कुलपाचं पोट नीट उघडून बघा साहेब, म्हणजे तुम्हालाही समजेल. आतला खटका काढून टाकलेला. कडीच्या खाली स्प्रिंग, सतत वर ढकलणारी. आणि कडीच्या खाचेत खटक्याच्या जागी ठोकून बसवलेली कापराची वडी. डबी बंद आहे तोवर वडी टिकते, कुलूप बंद. झाकण ढिलं राहिलं की वडी हळूहळू झिजते, आणि एक दिवस खट्. साखळीला टांगून खाली निखाऱ्यांचं धुपाटणं फिरवलं तर डफाचं एक गाणं संपायच्या आत खट्. कापराचा वास धुपाच्या वासात कुणाला वेगळा येणार? आला तरी लोक म्हणणार, मठाला सुगंध आहे.

पुढच्या बाजारच्या दिवशी द्वारकाबाई पाचोडला निघाली. कडूबाई दारात उभी होती, हातात डबी. "मी बी येते," एवढंच म्हणाली.

मांडव भरलेला. डफ सुरू. महाराज धुपाटणं घ्यायला हात पुढं करणार, तेवढ्यात ते द्वारकाबाईनं चेल्याच्या हातून घेतलं. चेला म्हातारीशी झोंबाझोंबी कशी करणार? तिनं बाजूच्या परातीतून एक नवं कुलूप उचललं.

"महाराज, ह्ये कुणाच्या नावाचं?"

"कुणाच्याच नाही. कोरं आहे. ठेव ते खाली."

"कुणाच्याच पोटाचं नाय?"

"नाही म्हटलं ना."

"बायांनो, ऐकलं ना? कोरं हाय." तिनं कुलपाच्या दोऱ्यात बोट अडकवलं, कुलूप निखाऱ्यांवर धरलं. कापरानं पेट घेतला, निळी-पिवळी जीभ भोकातून बाहेर आली आणि खट्. कडी वर. "आता कुणाला कळा लागल्या? हात वर करा."

मागून एक बाई फिसकन हसली. महाराज ओरडला, "पाखंडी आहे. हिच्या अंगात शिरलंय काहीतरी. हिला बाहेर काढा."

तेव्हा कडूबाई पुढं झाली. तिनं ओरडून काही सांगितलं नाही. डबी महाराजाच्या पाटावर ठेवली, झाकण काढलं.

"सांडू," ती म्हणाली.

ते महाराजाचं खरं नाव, म्हणजे सांडलेला, टाकून दिलेला. कधीकाळी हाच सांडू कडूबाईच्या गावासकट गावोगावच्या बाजारांत गोणपाट टाकून कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या पाडून द्यायचा. त्याच्याही आईनं त्याच्या आधीची लेकरं गमावली असणार, उगाच कुणी पोराला सांडू म्हणत नाही. ते दुःख त्याच्या घरात होऊन गेलं होतं, आणि त्यानं त्याचं दुकान मांडलं.

"सांडू, माझ्या आईनं मला कडू म्हनलं, तुझ्या आईनं तुला सांडू. त्यांच्याकडं दुसरं काय नव्हतं रं. आमच्याकडं दवाखाना व्हता. रिक्षा दारात व्हती. सून दवाखान्यात न्या म्हनत व्हती." तिनं कुलूप बोटानं ढकललं. "ह्ये अजून बंद हाय. माझी नात आली अन् गेली. मग आता ह्ये कुणाला राखतंय? सांग की."

महाराज सुनेच्या विटाळाचं काहीतरी बोलू लागला. कुणीतरी माइक बंद केला. कडूबाईनं डबीला झाकण लावून ती परत उचलली. चेले पराती उचलू लागले. अर्ध्या बाया उठून गेल्या. पण साहेब, अर्ध्या गेल्या नाहीत. मांडवाच्या मागच्या अंगाला, तुमच्या फोटोच्या फलकाखाली, चेल्याकडून गुपचूप कुलूप घेणाऱ्या बाया द्वारकाबाईनं डोळ्यांनी बघितल्या. त्यांना हसायचं नाही. त्यांच्या गावापासून डॉक्टर मनस्विनी लांब आहेत आणि महाराज जवळ आहे. ते अंतर त्यांनी पाडलेलं नाही.

तनुजाला नववा लागताच कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी टाका काढला. मुलगी झाली, जराशी लहान, पण आवाज खणखणीत. बारशाला चाळीतली एक म्हातारी म्हणाली, "नजर नको लागाया, कडू म्हना हिला." द्वारकाबाईनं तिथंच तोडलं, "का म्हनू? आता भ्यायचं ते मरणानं भ्यावं." मुलीचं नाव ओवी ठेवलं. कडूबाई आली होती, बाळाला मांडीवर घेऊन बसली, आणि उठताना तिला लवकर उठवेना. संस्कृती आली नाही.

तर बायांनो, आणि बायांच्या नवऱ्यांनो, सासवांनो, साधी गोष्ट आहे. दहा जणींना कुलपं दिली तर त्यातल्या पुष्कळ जणी कुलपाशिवायही नऊ महिने भरतातच. त्यांचा गुलाल महाराज उधळतो. ज्यांचं लेकरू जातं, त्यांच्या माथी पथ्य मोडल्याचा डाग लावतो. जिंकलं तर त्याचं, हरलं तर तुमचं. हा कसला देव? हा तर जुगाराचा अड्डा. आधीचं लेकरू वेळेआधी गेलं असेल तर पुढच्या वेळी दिवस राहताच सांगा, पहिल्याच भेटीत सांगा. तपासून घ्यायला लाजू नका. पोट दुखलं तर कुणाला फोन लावत बसू नका, गाडी लावा. आणि जो माणूस 'चुकू शकतं' असं आधी सांगत नाही, त्याच्या हातात आपलं लेकरू देऊ नका.

आता तुम्ही, साहेब. जादूटोण्याविरुद्ध या राज्यात कायदा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मठ अजून तिथंच आहे. दारावरच्या फरशीत तुमचं नाव कोरलेलं आहे. दवाखान्यातलं मशीन अजून खोळीत आहे.

आणि वाळूजच्या एका खोलीत, पत्र्याच्या डबीत, संस्कृतीचं कुलूप अजून बंद आहे. ती ते कुणाला उघडू देत नाही, फेकू देत नाही. तिनं तोंड उघडलं ते एकदाच. द्वारकाबाईला विचारलं, "फीत कापायला आलेल्या माणसाला हे माहीत होतं का हो, मावशी?"

द्वारकाबाईला उत्तर देता आलं नाही. ते तिच्याकडं नाहीच. ते तुमच्याकडं आहे.

माहीत होतं का, साहेब?